बुधीचा डोळा

सुकलाल नाना गेले आणि दुसऱ्या दिवशी जळगावच्या पेपरात बातमी आली. बातमी बरोबर होती, घोळ फोटोचा झाला. म्हणजे फोटो नानांचाच, पण हवालदाराच्या वेशातला. कुठल्याशा मालिकेत त्यांनी अडीच मिनिटांचा हवालदार केला होता, तेवढाच एक बरा फोटो पेपरवाल्यांच्या हाती लागला. झालं! दशक्रियेला दोन निवृत्त जमादार हजर. कडक इस्त्रीचे पांढरे शर्ट, चकचकीत बूट. त्यातल्या एकानं मला हळूच विचारलं, "ताई, दादा कोणत्या ठाण्याला होते?" मी काय सांगणार, कप्पाळ! तेवढ्यात दुसराच त्याला म्हणाला, "अरे, धुळ्याला आपल्याबरोबर नव्हते का? चेहरा ओळखीचा वाटतो."

नानांच्या बायकोला, म्हणजे अक्कांना, हे सगळं ऐकू गेलं. मान वर न करता त्या म्हणाल्या, "व्हतात. मंग बदली व्हयनी."

चेहऱ्यावरची एक रेघ हलली नाही. जमादारांनी हात जोडले आणि उन्हात जाऊन उभे राहिले. मी मात्र अक्कांच्या पायांकडे बघितलं आणि तोंडाला ओढणी लावून तडक मागच्या दारी पळाले. बायका म्हणाल्या, पोरीला रडू आवरेना. म्हणू देत. खरं काय ते सांगायचं तर मला पहिल्यापासून सांगावं लागेल.

मी तेव्हा जळगावात एका केबल चॅनेलवर होते. चॅनेल म्हणजे काय, पारसशेठांच्या कापडदुकानाचा वरचा मजला. खाली साड्या, वर बातम्या. बातम्यांच्या मागे लावायला हिरवा पडदा हवा होता, तो खालूनच आला, परकराच्या कापडाचा. मी निवेदन करायची, एडिटिंग करायची, पाहुणे आले की सरबतही करायची. शेठजींचं घराणं राजस्थानातलं, पण तीन पिढ्या जळगावात गेलेल्या. रागावले की मारवाडीत बोलायचे आणि खूश झाले की अहिराणीत. त्यामुळे माणूस कोणत्या पायरीवर आहे ते जिन्यातच कळायचं.

एक दिवस हे गृहस्थ जिना चढून आले. काटकुळे, लांब मान, आणि कान असे की देवानं दुसऱ्या कुणासाठी केलेले चुकून यांना लावले. खांद्याला कापडी पिशवी.

"शेठजी," ते म्हणाले, "तुमच्या चॅनेलवर पोरांसाठी काहीच नाही."

"पोरं साड्या घेत नाहीत, नाना."

"बरोबर. पण पोर टीव्हीसमोर बसलं की त्याची माय भाजी निवडायला तिथेच बसते."

शेठजी विचारात पडले. तेवढ्यात पिशवीतून एक शेळी डोकावली. साक्रीच्या बाजारातून आणलेल्या जुन्या घोंगडीची शिवलेली हातबाहुली, लोंबते कान, आणि डोळ्यांच्या जागी दोन पितळी बटणं. तिनं शेठजींकडे नीट बघितलं, टेबलावरचा कागद तोंडात धरला आणि बघता बघता गिळला. कागद नानांच्या बाहीत गेला हे मी शेजारून बघत होते, तरी मला तो शेळीनंच खाल्ल्यासारखा वाटला. शेठजी अहिराणीत ओरडले, "अरे, मन्ही यादी!" अहिराणीत म्हणजे काम झालं होतं.

शेळीचं नाव बुधी. बुधवारी शिवली म्हणून बुधी. आणि बटणं हवालदाराच्या त्याच ड्रेसची. "ड्रेस त्यांनी परत घेतला," नाना मला म्हणाले, "दोन बटणं राहिली. कशी राहिली ते विचारू नको."

नाना मूळचे जिनिंगमधले कारकून. कपाशीचा हंगाम संपला की मोकळे, मग मुंबईची गाडी धरायची. मराठी सिनेमा-मालिकांत ज्याला नाव नसतं असा प्रत्येक माणूस त्यांनी केलेला होता. पोस्टमन, कंपाउंडर, नवऱ्या मुलाचा रुसलेला मामा, तहसीलमधला झोपलेला शिपाई. एका वाक्याचं काम असलं तरी नाना त्या माणसाची सात पिढ्यांची कुंडली तयार करून जायचे. पोस्टमनला दोन मुली आहेत, धाकटीला खोकला आहे, म्हणून तो दारात पत्र देताना घाईत असतो. दिग्दर्शक म्हणायचा, "नाना, फक्त 'तार आली' म्हणा." नाना म्हणायचे, "तेच म्हणतोय, पण खोकल्यासकट."

एकदा त्यांना प्रेताचं काम मिळालं. हिरॉइनचे वडील. नुसतं आडवं पडायचं, ती रडणार. पहिल्या टेकला हिरॉइनला हसू फुटलं. दुसऱ्या टेकला कॅमेरामन हसला. नाना बिचारे श्वास रोखून निपचित पडलेले, पण चेहऱ्यावर भाव असा, की चहा सांगितला होता आणि तो यायच्या आत मरावं लागलं. शेवटी दिग्दर्शक जवळ येऊन कानात म्हणाला, "नाना, हात जोडतो, जरा कमी मरा."

ती मालिका लागली तेव्हा नानांच्या ओट्यावर अख्खी गल्ली जमली होती. प्रेत दिसलं आणि लोक हसून हसून एकमेकांच्या अंगावर पडले. नाना लोकांकडे बघतच नव्हते. ते बघत होते अक्कांकडे. अक्का मांडी घालून शेंगा फोडत बसलेल्या. टीव्हीकडे एकदा बघून म्हणाल्या, "धोतर नवं दिलं का त्यांनी? आपलं नाही हे." आणि पुढची शेंग फोडली.

हे नानांचं दुखणं. मी चेष्टा करत नाही, खरंच दुखणं. चाळीस वर्षं या माणसानं लोकांना हसवलं, पण लग्नाची बायको त्यांच्या एकाही सोंगाला हसली नव्हती. रडकी बाई असती तर गोष्ट वेगळी. शेजारणींशी हसायची, नातवाशी हसायची, मांजर फडताळावरून पडलं तरी हसायची. नानांनी तोंड उघडलं की चेहऱ्याला कुलूप. "मरायच्या आधी हिला एकदा हसवायचंय, जोती," नाना मला म्हणायचे. "मग मी मोकळा."

त्यासाठी काय काय केलं नाही! एकदा सकाळी अक्कांचंच लुगडं नेसून, कपाळाला भलं मोठं कुंकू लावून ते स्वयंपाकघरात गेले आणि अक्कांच्याच आवाजात स्वतःच्या नावानं खडे फोडायला लागले. मी दारात उभी, हसून माझ्या डोळ्यांत पाणी. अक्कांनी भरताचं वांगं जाळावर फिरवत एकदा वरखाली बघितलं आणि म्हणाल्या, "पदर नीट घ्या, दूधवाला यायची वेळ झाली." दूधवाला आला. नानांनी पदर नीट घेतला आणि दूध घेतलं. दूधवाल्यानं महिनाभर गावभर सांगितलं, सुकलाल नानांकडे नवीन सून आली, पण रंगानं जरा डावी.

आता त्यांच्या कामाची तऱ्हा सांगते, कारण पुढचं सगळं तिच्यावरच आहे.

बुधीचा कार्यक्रम दर रविवारी सकाळी लागायचा. नाना बुधवारपर्यंत लिहायचे आणि शनिवारी घराजवळच्या शाळेत जाऊन पोरांना वाचून दाखवायचे. पोरांना वर्गात नाही बसवायचे. व्हरांड्याच्या काठावर ओळीनं, पाय लोंबकळते. आणि वाचताना पोरांच्या तोंडाकडे चुकूनही बघायचे नाहीत. सारखी नजर खाली. मला आधी वाटलं लाजतात. मग मी विचारलं.

"तोंड शिकवलेलं असतं, जोती. बाई म्हणाल्या हसा, की हसतं. पायाला अजून कोणी काही शिकवलेलं नाही."

मग त्यांनी मला पाय वाचायला शिकवले. एका पायानं दुसरा खाजवला की पोर कंटाळलं. पाय नुसते स्थिर असले तर ऐकतंय, थांबा. आणि टाचा भिंतीवर आपटायला लागल्या की ते हसणं आतून आलं. नाना वहीच्या समासात तिथे एकच शब्द लिहायचे, 'टाच'. ज्या विनोदाला टाच नाही तो कापायचा. एकदा सगळा व्हरांडा खो खो हसत होता, तरी नानांनी ते अख्खं पान फाडलं. मी म्हटलं, "अहो, किती हसली पोरं!" नाना म्हणाले, "मागे हेडबाई उभ्या होत्या. पाय बघितलेस का? थंडगार."

तात्पर्याचं भांडण याच काळातलं. शेठजींच्या डोक्यात कोणीतरी भरवलं की मुलांच्या कार्यक्रमात शेवटी बोध पाहिजे. नाना म्हणाले, "शेळीचा बोध कोण ऐकतो?" शेठजी मारवाडीत बोलायला लागले, तेव्हा नाना गप्प झाले आणि गुणी मुलासारखे म्हणाले, "देतो." पुढच्या रविवारी कार्यक्रमाच्या शेवटी नानांनी गंभीर चेहऱ्यानं खिशातून कागद काढला, चष्मा लावला, "बालमित्रांनो, आजचे तात्पर्य..." आणि बुधीनं कागद खाल्ला. त्याच्या पुढच्या रविवारी पुन्हा. मग नाना कागद उंच धरायचे, पाठीमागे लपवायचे, खुर्चीवर चढायचे. बुधी कुठून तरी येऊन तो खायचीच. पोरं सगळा कार्यक्रम तात्पर्यासाठी थांबायला लागली. शेठजींचा नातूसुद्धा घरी परीक्षेचं वेळापत्रक चावताना सापडला. शेठजी तणतणत वर आले आणि नानांना म्हणाले, "बोध काय झाला यातून?" नाना म्हणाले, "हाच की कागद उंच धरावा."

सात वर्षं चालली बुधी. मग शेठजींच्या मुलांनी वरच्या मजल्यावर तयार कपड्यांचं गोदाम केलं. त्यांचंही चुकलं नाही; पोरं मोबाइलमध्ये गेली होती, केबलकडे बघतं कोण? परकराचा पडदा मी आठवण म्हणून घरी आणला. नानांनी बुधीला पिशवीत घातलं आणि चार महिने लिहिण्याच्या वहीला हात लावला नाही. मला ते बघवेना. माझ्या एका मैत्रिणीच्या ओळखीनं मी शाळांमधून प्रयोग लावले. पाचोरा, पारोळा, धुळे. सामान काय, एक टेबल, त्यावर पुढून जमिनीच्या वीतभर वर येईल अशी चादर, एक स्पीकर, आणि बुधी. टेबलामागे नाना, बाजूला जमिनीवर स्पीकरपाशी मी.

आणि समोर पहिल्या रांगेत, खुर्चीवर, अक्का. नानांचे गुडघे आणि गोळ्या सांभाळायला त्या बरोबर यायच्या.

इथे पंचाईत झाली. टीव्हीवर काम करताना अक्का समोर नव्हत्या. आता दर प्रयोगाला तीनशे पोरं हसतायत आणि मधोमध तो एक चेहरा! नाना तोंडानं बुधीशी बोलायचे आणि डोळे जाऊन जाऊन तिथेच. धुळ्याच्या प्रयोगानंतर सामान आवरताना ते मला म्हणाले, "साक्रीचा कबूल केलाय, तो करू. मग बुधीला ट्रंकेत ठेव."

"का? पोरं लोळत होती आज!"

"पोरं काय गं... चाळीस वर्षांत एक बाई हसवता आली नाही, जोती. तिला कळत नाही असं नाही. माझ्यापेक्षा तिला जास्त कळतं. म्हणजे मग मीच..."

नाना रडगाणं गायचे तेव्हा सोबत कान हलवायचे, म्हणजे ते सोंग आहे हे आपल्याला कळावं. त्या दिवशी कान हलले नाहीत.

आणि गंमत अशी, की त्याच प्रयोगात मी एक गोष्ट बघितली होती. मी जमिनीवर बसलेली, नजरेच्या रेषेत अक्कांचे पाय. चपला काढून ठेवलेल्या. बुधीनं तात्पर्य खाल्लं, आणि अक्कांच्या टाचा नाचायला लागल्या! जोडवी फरशीवर टकटक, लुगड्याचा काठ थरथरतोय. वर बघितलं तर चेहरा तसाच, देवळातल्या मूर्तीसारखा.

परतीच्या एसटीत नाना खिडकीशी डोळे मिटून बसले होते. मी मागच्या बाकावर अक्कांच्या शेजारी. मी सरळ विचारलं, "अक्का, तुमचे पाय का हसत होते?"

अक्का पहिल्यांदा दचकल्या. नानांकडे बघून घेतलं. मग आवाज बारीक करून सांगायला लागल्या.

लग्नाला वर्षही झालं नव्हतं. पाचोऱ्याजवळच्या एका गावात नानांचं नाटक. नाना बहिऱ्या व्याह्याचं काम करत होते. अक्का बायकांच्या बाजूला. नवरा रंगमंचावर आला आणि या अशा हसत सुटल्या, की सगळ्या बायका नाटक सोडून यांच्याकडेच बघायला लागल्या. पुरुषही माना वळवून बघायला लागले. त्या गोंधळात नानांचं सगळ्यात चांगलं वाक्य कोणाला ऐकूच गेलं नाही. पडदा पडल्यावर नाना रंगासकट धावत आले आणि तिथेच म्हणाले, "परत मना नाटकमा हासनी ते याद राख!"

"मी म्हटलं, बरं."

"मग?"

"मग काय? बरं म्हटलं ना."

मी म्हटलं, "चाळीस वर्षं? अहो, त्यांना तरी आठवतंय का हे?"

"त्यासले काय याद नही." अक्का खिडकीबाहेर बघत म्हणाल्या. "आधी राग होता. भरल्या मांडवात बोलले. दोन वर्षांत राग गेला. पण तोवर मला गोडी लागली होती, पोरी. एवढा मोठा नट, रोज माझ्या एकटीसाठी नवीन सोंग काढतोय. कोणत्या बाईचं नशीब असतं असं? हसले असते तर दुसऱ्या दिवशी थांबले असते ते."

"पण आता ते खरंच थांबणार आहेत, अक्का. साक्रीनंतर बुधी ट्रंकेत. म्हणतात, मला एक बाई हसवता आली नाही."

अक्कांनी हातातली पिशवी घट्ट धरली. म्हणाल्या, "असं म्हणाले?"

"मग आता तरी हसून टाका ना."

"आता हसले तर त्यांना कळणार नाही का? जन्म गेला त्यांचा त्यात. म्हणतील, कीव आली म्हणून हसली." आणि मग बोट दाखवून मला म्हणाल्या, "तू काही सांगायचं नाहीस. तुला बुधीची शप्पथ."

आता सांगा, माणसानं करायचं काय? एकीकडे नाना, एकीकडे अक्का, आणि मधे मी, घोंगडीच्या शेळीची शपथ घेतलेली. आठवडाभर मला जेवण गेलं नाही.

साक्रीला पोचलो तो बाजाराचा दिवस होता. प्रयोगाआधी नाना शाळेच्या नळावर तोंड धूत होते, तेव्हा अक्का म्हणाल्या, "दे ती बुधी इकडे. कान उसवलाय तिचा." सुईदोरा त्यांच्याजवळ कायम असायचा. मी दिली आणि स्पीकर लावायला गेले.

साक्रीची पोरं आजूबाजूच्या डोंगरातली, घरोघरी शेळ्या. बुधीनं तोंड उघडलं आणि पहिल्याच मिनिटाला मागून एक पोरगी उभी राहिली. "सर, शेळी अशी नाही ओरडत!" नाना म्हणाले, "मग कशी?" तिनं अशी खणखणीत आरोळी दिली की बाहेर बाजारातल्या दोन शेळ्यांनी जवाब दिला. नानांनी बुधीला तिच्यासमोर नेऊन कान धरायला लावला. "बाई, शिकवा मला. जळगावात राहून भाषा बिघडली माझी." पुढचा अर्धा तास तीनशे पोरं बुधीला ओरडायला शिकवत होती आणि बुधी मुद्दाम चुकत होती. मी नानांचे एवढे प्रयोग बघितले, पण असा नाही. शेवटचा म्हणून माणूस सगळंच देऊन टाकतो ना, तसं चाललं होतं. माझंही हसू थांबत नव्हतं.

मग तात्पर्य. नानांनी कागद काढला, बुधी झेपावली, आणि तिचा उजवा डोळा टपकन गळला. बटण टेबलावर आपटलं, गडगडत खाली गेलं आणि चादरीआड दिसेनासं झालं. पोरं ओरडली, "नाना, डोळा! डोळा!"

"थांब हं बुधे," म्हणत नाना गुडघे धरून टेबलाखाली शिरले.

आणि बाहेर येईनात.

मी वाकून बघितलं. नाना टेबलाखाली ओणवे. बटण त्यांच्या हाताशीच पडलेलं, चकाकतंय. त्यांचं तिकडे लक्ष नव्हतं. चादरीच्या खालच्या वीतभर फटीतून ते बाहेर बघत होते. तिथे, हातभर अंतरावर, अक्कांचे पाय. टाचा नुसत्या उडत होत्या. जोडव्यांचा ठेका चाललेला.

नानांना पाय वाचायला कोणी शिकवायला नको होतं. चाळीस वर्षं त्यांनी तोंडच बघितलं. घरी अक्का मांडी घालून बसायच्या, पाय लुगड्यात. आणि बायकोच्या पायांकडे बघतं कोण? जगाच्या पोरांचे पाय बघितले या माणसानं, घरचे तेवढे राहिले.

वर आले तेव्हा चेहरा वेगळाच होता. पाठ असलेलं वाक्य विसरले. नाना वाक्य विसरलेले मी तेव्हा पहिल्यांदाच बघितले. कसंबसं "आजचा कार्यक्रम संपला" म्हणाले आणि पोरांसमोर खाली बसून राहिले. अक्का उठल्या, पाण्याचा पेला आणि गोळी हातात दिली, म्हणाल्या, "घामाघूम झालात. एवढं ओरडायची काय गरज होती?" चेहऱ्याला कुलूप.

नाना म्हणाले, "नही पटनं का तुले?"

"ठीक शे," अक्का म्हणाल्या.

नानांनी गोळी घेतली. मी वाट बघत होते, आता सांगतील, आता विचारतील. छे! जळगाव येईपर्यंत एसटीत बाहेरच बघत होते आणि मधूनच त्यांचे कान हलत होते. उतरताना मला म्हणाले, "पारोळ्याच्या शाळेला होय म्हणून कळव."

"आणि ट्रंक?"

"कसली ट्रंक?"

त्यानंतरच्या प्रत्येक प्रयोगात बुधीचा डोळा पडला. नेमका तात्पर्याच्या वेळी. मी आधी साध्या दोऱ्यानं शिवला, मग दुहेरी, मग गोणपाट शिवायच्या सुतळीनं. तरी पडला. एकदा मी दोरा हातात घेऊन बघितला तर ब्लेडनं अर्धा कापलेला. शाळेतल्या बाई म्हणायच्या, "नानांचं वय झालं आता, एक बटण शोधायला किती वेळ लागतो!" मी म्हणायची, "हो ना, नजर गेली हो." साक्रीतला पहिला धागा मात्र नानांनी कापलेला नव्हता. तो कोणी कापला हे मला ठाऊक आहे. बुधीचा कान धडधाकट होता, मी त्याच दिवशी ओढून बघितला.

पण या दोघांनी एकमेकांना चकार शब्द सांगितला नाही. नानांनी नाही, अक्कांनी नाही. घरी पूर्वीसारखंच. नाना सोंगं काढायचे, अक्का म्हणायच्या, "पुरे, भाजी करपेल." नाना माझ्याकडे बघून सुस्कारा टाकायचे, "बघ, दगड आहे दगड." आणि तो सुस्कारा इतका सुरेख खोटा असायचा की मला उठून टाळ्या वाजवाव्याशा वाटायच्या. नाना गेल्यावर त्यांच्या वह्या अक्कांनी मला दिल्या. साक्रीच्या पानावर, बुधीचा डोळा पडतो त्या जागी, समासात दोन शब्द आहेत. 'अक्का. टाच.' खाली दोन रेघा मारलेल्या.

शेवटचे नाना मला आठवतात ते पुन्हा पारोळ्याच्याच शाळेत गेलो तेव्हाचे. पुढच्या आठवड्यात ते दवाखान्यात गेले आणि मग परत आले नाहीत, पण तेव्हा आम्हाला काय माहीत? टेबल मांडून झालं, पोरं बसली. अक्का आल्या, नेहमीच्या जागी खुर्ची होती, तिच्याकडे बघितलं, आणि मग स्वतःच्या हातानं ती खुर्ची ओढत ओढत टेबलाच्या अगदी जवळ आणली. बसल्या. चपला काढल्या, लुगडं जरा घोट्याच्या वर घेतलं, पाय पुढे सरकवले आणि दगडी चेहऱ्यानं माझ्याकडे बघितलं.

तात्पर्य निघालं, बुधी झेपावली, डोळा पडला. नाना गुडघे धरत खाली शिरले. मी बाजूला बसलेली, मला दोन्हीकडचं दिसत होतं. चादरीच्या अलीकडे अक्कांच्या टाचा फरशीवर दणादण आपटत होत्या. पलीकडे नानांची पाठ पोरांना दिसू नये म्हणून वाकलेली, खांदे गदगदत होते, आणि मागे त्यांचे ते काटकुळे पाय, त्यांच्याही टाचा तशाच नाचत होत्या. बटण कधीच त्यांच्या मुठीत होतं.

"नाना!" पोरं ओरडायला लागली. "नाना, सापडला का डोळा?"

टेबलाखालून आवाज आला, "थांबा रे! आजून देखी राहिनू."